काकांचा वजनगट

१४ जानेवारी

तिळगूळ देताना काकू म्हणाली, "घे, आणि गोड बोल." कुणाशी बोलू? या घरात सध्या जो येतो तो आधी चेहरा पाडतो, मग चहा पितो, मग काकांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणतो, "पॉझिटिव्ह राहायचं." लिफ्टचं दार लागायच्या आत त्याच्या तोंडात दुसरा विषय असतो. काका त्याला दारापर्यंत सोडतात आणि परत येऊन म्हणतात, "गेला. फुसका."

लिहून काढतो, म्हणजे डोक्यातून जाईल. शामसुंदरकाका माझे सख्खे काका. पाटबंधारे खात्यात क्लार्क होते. चार वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या डोळ्यात कॅन्सर निघाला. डोळ्यातसुद्धा निघतो हे मला तेव्हा कळलं. मेलॅनोमा म्हणतात त्याला. डोळा काढला, काचेचा बसवला आणि विषय संपला असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. ऑक्टोबरात तोच यकृतात सापडला. उपचारांचं काढलं तर काका म्हणाले दिवाळी होऊ दे, मग म्हणाले लग्नसराई होऊ दे. मी तेव्हा कच्छमध्ये तंबूंच्या हॉटेलात पर्यटकांना उंटावर चढवत होतो. काकूचा फोन आला तसा निघालो. नाशिकला गंगापूर रोडच्या या फ्लॅटच्या बाल्कनीला काचा लावल्यात, तिथं माझी गादी. मुक्त विद्यापीठाचं दुसरं वर्ष माझं अजून चालूच आहे, म्हणून काकू शेजाऱ्यांना सांगते, "अभ्यासाला आलाय."

काल नवा सीटी स्कॅन घेऊन कॅन्सरच्या डॉक्टर वल्लरींकडे गेलो. बाई चाळिशीच्या, आवाज इतका हळू की आपणच काहीतरी चोरी केल्यासारखं वाटतं. म्हणाल्या, "स्टेज चार. आणि चारमध्ये सी."

चारमध्येसुद्धा तुकड्या! शाळेत मी कायम ड तुकडीत होतो, त्यामुळे हा प्रकार माझ्या चांगल्या ओळखीचा. या आजारात म्हणे यकृतातली सगळ्यात मोठी गाठ मोजतात. तीन सेंटिमीटरपर्यंत असेल तर ए, आठपर्यंत बी, त्यापुढे सी. काकांची नवाच्या वर. माणूस कोण, पहाटे उठून जोर मारायचा का, एका वेळी किती भाकऱ्या खायचा, काही नाही. फूटपट्टी लावा आणि खोक्यात टाका. मासळीबाजारात पापलेट असंच लावतात.

काकांनी एकच विचारलं. "चैत्रात आमच्या गावची यात्रा असते. कुस्त्यांच्या जोड्या मी लावतो. तोवर निभेल?"

"प्रयत्न करू," बाई म्हणाल्या.

प्रयत्न! प्रयत्न तर मीही करतो. दुसरं वर्ष सुटलं का?

२० जानेवारी

तनयने व्हिडिओ कॉल केला. तनय म्हणजे काकांचा मुलगा, बंगळूरला असतो, मागे पुस्तकांचं कपाट दिसेल असा कॅमेरा लावतो. त्याने पुण्याकडच्या एका खासगी सेंटरची माहिती पाठवलीय. यकृताच्या रक्तवाहिनीतून थेट आतच औषध सोडतात. "बाबा, यांचे पेशंट इतरांच्या दुप्पट जगतात. दुप्पट!" असं म्हणून त्याने दोन बोटं दाखवली, जणू काकांना दुप्पट म्हणजे किती ते माहीत नाही. मग त्याला मीटिंग आली.

तनयचा मला राग आहे, पण दुप्पट म्हणजे दुप्पट. उगाच नाही कशाला म्हणायचं.

डोळ्याच्या मेलॅनोमावाल्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, त्यात शिरलो. एकेकाची ओळख ऐकण्यासारखी. "नमस्कार, वडील, एम वन ए." "नमस्कार, पत्नी, एम वन बी." लग्नाच्या बायोडाटात पोटजात लिहितात तसं. ए वाले बी वाल्यांना हळू आवाजात धीर देतात, आणि सी वाले फार बोलतच नाहीत. मी लिहिलं, "नमस्कार, काका, माणूस." कुणाला हसू आलं नाही. अ‍ॅडमिनने हात जोडल्याचं चित्र टाकलं.

पण त्यात कळवणचे एक सहादूनाना निघाले. त्याच सेंटरला उपचार घेतला आणि दोन वर्षं होऊन गेली. उद्या-परवा गाडी काढतो.

२३ जानेवारी

कळवणला जाऊन आलो. वाटेत वणीला थांबलो ते एका माणसाशी वाद घालण्यात तास गेला. तो म्हणत होता गडावरची माकडं आता फक्त फ्रूटी पितात, पाणी देऊन बघा, ओततात. मी देऊन बघितलं. ओतलं.

सहादूनाना कांद्याच्या शेतात भेटले. ठणठणीत. चिंच तोंडात टाकत अहिराणीत म्हणाले, "आते मस्त शे भाऊ. ट्रॅक्टर चालवस."

मी विचारलं, त्रास काय होत होता आधी?

"काहीच नही. डोळाना डॉक्टर दर सहा महिनाले पोटना फोटो काढाले लावे. त्यामा सापडनं. बोरएवढं व्हतं." त्यांनी अंगठ्याच्या पेराएवढं दाखवलं. "तुमना काकानं केवढं शे?"

मी मूठ दाखवली. नाना चिंच चावायचे थांबले. मग म्हणाले, "चहा ल्या ना भो."

गावाकडची माणसं अशीच, गाठ म्हटलं की आकार विचारतात, जणू वांगी. बोर काय नि मूठ काय, औषध तेच ना? माणूस समोर उभा आहे, ट्रॅक्टर चालवतोय, आणखी काय पुरावा पाहिजे? येताना काकूला फोन करून सांगितलं, ठरलं, पुण्याला जायचं. काकू म्हणाली, "जेवलास का?"

२९ जानेवारी

डॉक्टर वल्लरींशी भांडलो. भांडलो म्हणजे मी भांडलो, त्या हळू आवाजात बोलत राहिल्या. काका बाजूला.

मी म्हटलं, तिकडचे पेशंट दुप्पट जगतात, तुम्ही पाठवत का नाही?

"त्यांचे पेशंट कोण होते, विचारलंत का?" त्या म्हणाल्या. "बहुतेक लहान गाठींचे. लहान गाठीवाले तसेही जास्त जगतात, कुठलंही औषध द्या. शिवाय ते नियमित तपासतात, म्हणून गाठ लवकर सापडते आणि दिवस मोजायलाही लवकर सुरुवात होते. त्यांची सरासरी मोठ्या गाठींच्या माणसांशेजारी ठेवली की औषधच भारी वाटतं. कदाचित असेलही भारी. पण या तुलनेवरून ते कळत नाही. काकांची तुलना काकांसारख्यांशीच व्हायला हवी."

"आणि काकांसारखे किती जगतात?" मी हे विचारायला नको होतं.

त्यांनी काकांकडे बघितलं. काका म्हणाले, "सांगा."

"निम्म्यांहून जास्त जण वर्ष काढत नाहीत. काही काढतात. कोण ते आधी कळत नाही." त्या म्हणाल्या की इथे नाशिकलाच इम्युनोथेरपीची, म्हणजे प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या औषधाची, ड्रीप देता येईल, दर तीन आठवड्यांनी. वाढ थोडी रोखली तर रोखली. न रोखण्याची शक्यता जास्त, पण बहुतेकांना चालतं-फिरतं राहता येतं, आणि त्रास झालाच तर लगेच थांबवता येतं.

दुसऱ्याच्या दुकानातला माल कुणी चांगला म्हणतं का? मी लिफ्टमध्ये काकांना हेच म्हणालो. काका आपल्याच नादात होते. "बाई जोड बघून बोलते," म्हणाले.

१ फेब्रुवारी

धोंडीरामआबा आले होते. नांदगावकडे आमचं गाव, तिथल्या यात्रा कमिटीचे अध्यक्ष. दोन किलो गूळ आणि एक कोंबडी घेऊन लिफ्टमधून आले. कोंबडी जिवंत. वॉचमनशी भांडण झालं ते वेगळंच लिहायला पाहिजे.

"शामराव, तुमच्याबिगर जोड्या लावायच्या नाय, असं ठरलंय."

"एका डोळ्याचा पंच चालतो का तुम्हाला?"

"दोन डोळेवाल्यांनी शेजारच्या यात्रेत गेल्या सालाला काय दिवे लावले? आपल्या भाच्याला सोपा गडी दिला. लय बोंब झाली."

आमच्याकडे यात्रेच्या फडात वजनकाटा नसतो. पंच दोन्ही पैलवानांची मनगटं धरतो, मानेवर हात टाकतो आणि दोघांचे हात वर करून मैदानाला पूर्ण फेरी मारतो. लोकांनी बघायचं. जोड पटली तर टाळ्या, नाही पटली तर शिव्या. काका हे तीस वर्षं करतायत. पुढे जिल्ह्याच्या स्पर्धांना काटा आला तेव्हा काट्यावरही त्यांनाच बसवायचे, कारण त्यांच्यापुढे कुणाची लबाडी चालायची नाही. आबांनी तोच जुना किस्सा काढला, मनमाडच्या पैलवानाचा. खालच्या गटात बसायला त्याने दोन दिवस पाणी सोडलं, उन्हात रेनकोट घालून पळाला, काट्यावर बरोबर बसला आणि कुस्तीत पहिल्याच झटापटीला चक्कर येऊन पडला. आबा हसून हसून खोकले. "वजन उतरलं, पर त्याच्यासंगं पैलवानबी उतरला!"

काका हसले नाहीत. "त्याच्या वस्तादाला हाणायला पाहिजे होतं," म्हणाले.

कोंबडी सध्या माझ्या बाल्कनीत आहे.

४ फेब्रुवारी

सेंटरला फोन केला. यशश्री नावाच्या बाई. नाव विचारायच्या आधी विचारतात, "सर, साइज काय?" मी म्हटलं, शर्टाची? त्यांना विनोद कळत नाही. "आठच्या वर असेल तर आपण घेत नाही सर."

आपण! कसलं आपण?

ऑक्टोबरचा रिपोर्ट कपाटात होता. त्यात सात पूर्णांक काहीतरी. बी तुकडी. खोटा नाही, फक्त जुना. मी तोच पाठवला. संध्याकाळी फोन आला, दहा तारखेला या.

नियम करणारे मूर्ख असले की नियम वाकवणाऱ्याला पाप लागत नाही. आठ म्हणजे काय, देवाने आखलेली रेघ आहे? काका-काकूंना सांगितलं, घेतलं आपल्याला. काका बराच वेळ माझ्याकडे बघत होते. काचेचा डोळा कुठे बघतो ते कळत नाही, पण दुसऱ्यानेही बघत होते. मग म्हणाले, "तू एवढी खटपट केलीस. जाऊ की."

१० फेब्रुवारी

पुणे. सेंटरच्या लॉबीत भिंतीवरून पाणी वाहतं, खाली मासे. माशांच्या टाकीवर पाटी: "आशा हाच उपचार". मग माशांनाच बसवा ना ओपीडीत.

त्यांनी स्वतःचा स्कॅन केला. दुपारी मोठे डॉक्टर भेटले. कोट पांढरा, दात त्याहून पांढरे. स्क्रीनवर फूटपट्टी ओढली. साडेनऊ. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आम्हाला पाठवलेला रिपोर्ट जुना होता का?"

मी माशांकडे बघितलं. केबिनमध्येही मासे आहेत.

डॉक्टर म्हणाले, "आलाच आहात, तर करता येईल. नाही असं नाही. या आकाराला धोका जास्त, यकृत थकलेलं आहे, दोन-तीन आठवडे इथे राहावं लागेल, पुढे सावरायला वेळ. फक्त आमच्या अभ्यासात तुम्हाला धरता येणार नाही. निकषाबाहेरचे पेशंट आम्ही वेगळे ठेवतो."

काका खुर्चीत पुढे सरकले. काट्याजवळ बसायचे तसे. "म्हणजे मी गेलो तरी तुमची सरासरी जिवंत."

डॉक्टर हसले. चांगले हसले, मी उगाच वाईट लिहिणार नाही.

"माझ्या वजनाचे आले होते का कोणी?" काकांनी विचारलं.

"पाच-सहा असतील."

"कुठंयत?"

डॉक्टरांनी स्क्रीन बंद केली. "तुम्ही विचार करून कळवा."

"केला," काका म्हणाले, आणि उठले. यशश्रीबाई दारापर्यंत सोडायला आल्या. त्यांनी हळूच विचारलं, "काका, पाणी आणू?" फोनवरच्यापेक्षा लहान दिसतात. कदाचित माझ्याच वयाच्या.

११ फेब्रुवारी

काल लिहिताना झोप लागली. परतीचं राहिलं.

काकांची जुनी वॅगनआर मी चालवत होतो. नारायणगाव मागे पडलं. मग काका म्हणाले, "वजन उतरवून आणलंस मला."

मी म्हटलं, जुना रिपोर्ट खोटा नव्हता.

"मनमाडवाल्याचा काटाही खोटा नव्हता."

"तुम्हाला माहीत होतं? मग आलात कशाला?"

काकांनी काच खाली केली. "पुढं भजी चांगली मिळतात. थांबव."

मी परत विचारलं. तिखट मिरची खात म्हणाले, "मागवून घे अजून एक प्लेट." हा माणूस सरळ उत्तर देत नाही. पंच असा कसा?

घरी आल्यावर काकूवर चिडलो, तुला तरी कळायला पाहिजे होतं, त्यांना कशाला पाठवलंस? काकू भांडी पुसत होती. "तू सातवीपासून एकही गोष्ट शेवटपर्यंत नेलेली त्यांनी बघितली नव्हती," म्हणाली. "बघायची होती त्यांना."

काय संबंध? या घरात मुद्द्याचं कुणी बोलत नाही.

९ मार्च

दुसरी ड्रीप झाली. डॉक्टर वल्लरींकडेच. त्यांनी पुण्याबद्दल एक शब्द विचारला नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, मी उत्तरं तयार करून गेलो होतो.

ड्रीपच्या खोलीत शेजारच्या पेशंटचा जावई मोठ्याने सांगत होता, अमेरिकेतलं अमुक औषध घेणारे कसे दुप्पट जगले. मी म्हटलं, कुणाच्या दुप्पट? "म्हणजे?" म्हणजे ते कोण होते, केवढ्या गाठीचे, आणि ज्यांच्याशी मोजलं ते केवढ्या? तो म्हणाला, "तुम्ही डॉक्टर आहात का?" मी म्हटलं, नाही, उंटवाला. काका पांघरूण तोंडावर घेऊन हलत होते. मला वाटलं थंडी वाजली. हसत होते.

अंगाला खाज सुटते त्यांच्या. काकू खोबरेल लावते. कोंबडी अंडी द्यायला लागली.

६ एप्रिल

नवा सीटी. गाठ दहाच्या आतच आहे. डॉक्टर वल्लरी म्हणाल्या, "कमी नाही. पण वाढीचा वेग मंदावलाय असं वाटतं. हे औषधामुळे की गाठीच्याच स्वभावाने, ते मी सांगू शकणार नाही."

जानेवारीत मी या बाईला दुकानदार म्हटलं होतं. खोडत नाही, राहू दे.

तनयला कळवलं. त्याने अंगठा पाठवला आणि नंतर तासाभराने फोन केला. कॅमेऱ्यामागे कपाट नव्हतं. जिन्यात उभा होता. "मयऱ्या, खरं सांग, यात्रेला आणू शकशील ना त्यांना?" मी म्हटलं, तू ये. म्हणाला, येतो. आला नाही तर लिहीन इथे.

१२ एप्रिल

तनय आला. असो.

गावात ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. फडाच्या कडेला आबांनी काकांसाठी बाजेवर गादी टाकली होती. काका बसले, पण फेरी मारायला उभं राहवेना. दोनदा उठले, दोनदा बसले. डोळे पिवळे दिसत होते, डोळे म्हणतो मी, खरा एकच. लोक कुजबुजायला लागले.

काका म्हणाले, "मयऱ्या, जा. मनगटं धर."

"मला काय कळतं?"

"मला कळतं. तू फक्त फिरव."

मी मातीत उतरलो. मागून एक जण ओरडला, "हा कोण काडीपैलवान?" दुसरा म्हणाला, "पोरांच्या नारळाच्या कुस्तीला लावा त्याला!" दोन गड्यांची मनगटं धरून मी बाजेसमोर आणायचो. काका मानेला हात लावायचे, मान हलवायचे, मग मी दोघांचे हात वर करून फेरी मारायचो. मातीत चालणं सोपं नाही. पहिल्या दोन फेऱ्या मला लोक दिसतच नव्हते.

शेवटच्या कुस्तीला गावाने आपला पोरगा काढला, चपळ, सगळ्यांचा लाडका. समोर येवल्याकडचा गडी, मुरलेला, खांदे दारासारखे. पब्लिक पेटलं. "लावा! लावा! आमचा दुप्पट भारी हाय!" आबासुद्धा काकांच्या कानाला लागले, "लोकांची इच्छा हाय, शामराव."

काकांनी दोघांची मनगटं हातात घेतली. गावाच्या पोराचं बराच वेळ धरून ठेवलं. "विजोड आहे. लावणार नाही."

शिव्या सुरू झाल्या. "काणा पंच!" असंही कुणीतरी ओरडलं. काका बाजेवरूनच म्हणाले, "तुमची हौस आणि त्याची मान. बसा खाली!" आवाज होता तो, आजारी माणसाचा नव्हता. सगळं मैदान बसलं. मग गर्दीतून पोराच्या अंगाचाच एक गडी शोधला, मालेगावचा, लाल लंगोटवाला. अर्धा तास कुस्ती चालली आणि बरोबरीत सुटली. गाव नाराज. पोराची आई मात्र बाजेजवळ येऊन पाण्याचा तांब्या ठेवून गेली.

१५ एप्रिल

मनालीच्या हॉटेलवाल्याचा फोन होता, सीझनला ये म्हणून. यंदा नाही म्हटलं. सोमवारी ड्रीप आहे, गाडी कोण चालवणार?

दुपारी ग्रुपवर एक पिंकी म्हणून मुलगी आली. मालेगावची. वडिलांचा डोळा तीन वर्षांपूर्वी काढलाय, आता यकृतात निघालं. पुण्याच्या सेंटरचे पेशंट दुप्पट जगतात असं वाचलं, नेऊ का? कळवणच्या सहादूनानांनी उत्तर टाकलं होतं, "जरूर ने ताई, मी मस्त शे."

मी बरंच टाइप केलं. लॉबीतलं पाणी, मासे, सगळं. मग सगळं पुसलं आणि एवढंच विचारलं, "सगळ्यात मोठी गाठ केवढी आहे?"

तिने लगेच लिहिलं, "तुम्हीपण तेच विचारता? माणूस आहेत माझे वडील."

काका बाल्कनीच्या दारात उभे होते, कोंबडीला तांदूळ टाकत. "काय टिपटिप चाललंय?"

"एकीच्या वडिलांची जोड बघतोय."

काका आत आले, माझ्या गादीवर बसले, पाठ भिंतीला टेकली. "नीट बघ," म्हणाले. "आणि तिला फोन लाव. असं लिहून विचारू नये."

लावला.